ग्रॅनाइट म्हणे!

सातारच्या माणसाला दगडाचं कौतुक नसतं. कौतुक वाटायला वस्तू थोडी दुर्मीळ असावी लागते. आमच्याकडे अजिंक्यतारा दगडाचा, यवतेश्वराचा डोंगर दगडाचा, सज्जनगड दगडाचा, जुन्या वाड्यांची जोती दगडाची आणि शाळेत असताना मास्तरांच्या मते वर्गातली निम्मी मुलंही दगडाचीच. एका गावात इतका दगड एकवटल्यावर त्याच्याकडे मान वळवून कोण बघणार? त्यातून हा सगळा दगड एकाच रंगाचा. काळा. थोडा उजळ निघाला तर करडा. शास्त्रात त्याला बेसॉल्ट म्हणतात, पण आमच्या पेठेत त्याला कुणी या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. 'काळा पत्थर' एवढी ओळख त्याला पुरत होती.

सांगलीचं तसं नाही. सांगली ही माझी सासुरवाडी. तिथं दगड शोधावा लागतो, कारण जिकडे तिकडे माती. काळीभोर, लोण्यासारखी माती. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला माझ्या मेहुण्यांनी मला मळ्यात नेलं, उसाच्या बांधावर उभं केलं आणि मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "दाजी, असली माती तुमच्या सातारला मिळायची नाही."

जावई नवा असल्यामुळे मी गप्प बसलो. पण वस्तुस्थिती अशी आहे की ही काळी माती म्हणजे काळ्या दगडाचीच झीज. थोडी तिथल्याच दगडाची, थोडी नदीनं वरून आणलेली. कृष्णा महाबळेश्वराला निघते, वाईचे घाट धुते, माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला पोटात घेते आणि वाटेत जेवढा म्हणून सातारा खरवडता येईल तेवढा खरवडून सांगलीत नेऊन टाकते. थोडक्यात सांगायचं तर सांगली म्हणजे दळलेला सातारा! परतीच्या एस.टी.त मी हा सिद्धांत बायकोला सांगितला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे तुम्ही भरड आणि आम्ही पीठ. पोळी पिठाचीच होते."

या वाक्यानंतर आमच्या संसारात भूगर्भशास्त्राचा विषय कित्येक वर्षं निघाला नाही. तो निघाला ओट्यामुळे.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा कडाप्प्याचा होता. आंध्रातल्या कडप्प्याहून आलेला म्हणून कडाप्पा. खाली जमिनीला शहाबादी फरशी, ती कर्नाटकातल्या शहाबादची. आमच्या पिढीतली हजारो घरं अशीच बांधली गेली. खाली शहाबादी, वर कडाप्पा आणि मधे मध्यमवर्ग. हे दोन्ही दगड जातीनं चुनखडीचे. कुठल्या तरी प्राचीन समुद्राच्या तळाशी चुनखडीचा गाळ थरावर थर साचला, दाबला गेला आणि त्याचा दगड झाला. म्हणून तर त्यांच्या अशा सरळ लाद्या निघतात. पण चुनखडीचा एक दोष असतो, तिला आंबट सोसत नाही. लिंबाचा थेंब पडला की आम्ल चुनखडीला खातं आणि त्या जागी पांढुरका डाग उमटतो. तीस वर्षांची लिंबं, चिंच, कोकम आणि ताक यांनी आमच्या ओट्यावर जगाचा नकाशा काढला होता. गॅसच्या डाव्या बाजूला तर हुबेहूब आफ्रिका होती.

"आता ग्रॅनाइट," एके दिवशी बायकोनं जाहीर केलं.

'ग्रॅनाइट' हा शब्द ती अशा सुरात उच्चारते, की पूर्वी आमच्या आत्याबाई 'जावई इंजिनियर आहे' हे वाक्य ज्या सुरात म्हणत, त्याची आठवण व्हावी.

दुकान सांगलीतलं ठरलं, कारण मेहुण्यांच्या ओळखीचं होतं. मेहुण्यांच्या ओळखीनं जी वस्तू घेतली जाते ती स्वस्तात मिळत नाही, पण तिच्याविषयी नंतर तक्रार करता येत नाही हा एक फायदा असतो. दुकानात शिळा तिरप्या उभ्या करून ठेवल्या होत्या, ताटाळ्यात ताटं ठेवावीत तशा. गुलाबी, तांबड्या, हिरवट, राखी, मोराच्या पिसांसारख्या निळसर. आमच्या बायकोनं त्यातली काळी पसंत केली. आरशासारखी काळी. तिच्यात बघून मेहुण्यांनी भांगही नीट केला.

"प्युअर ब्लॅक ग्रॅनाइट," दुकानदार म्हणाला.

"हा ग्रॅनाइट नव्हे," मी म्हणालो.

आता इथं एक खुलासा केला पाहिजे. निवृत्त झाल्यावर माणूस एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर इतिहासाकडे. मी दगडांकडे वळलो. मान दुखत असल्यामुळे वर आकाशाकडे बघण्यापेक्षा खाली जमिनीकडे बघणं मला सोयीचं पडतं. चार पुस्तकं वाचली होती, दोन व्याख्यानं ऐकली होती आणि घरात ऐकायला कुणी तयार नव्हतं. अशा अवस्थेतल्या माणसासमोर कुणी 'ग्रॅनाइट' म्हणावं, हे त्या दुकानदाराचं दुर्दैव.

ग्रॅनाइट या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'ग्रानुम' आहे. ग्रानुम म्हणजे दाणा. दाणेदार तो ग्रॅनाइट. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे: रवाळ. आणि रवाळ कसं होतं हे भूगर्भशास्त्रज्ञाच्या आधी मराठी गृहिणीला ठाऊक होतं. लोणी कढवून तूप झालं की आमची ही पातेलं एका कोपऱ्यात झाकून ठेवते, कुणाला हात लावू देत नाही, घाई करू देत नाही. सावकाश निवत निवत त्यात रवा धरतो. तेच तूप घाईघाईनं गार केलं तर नुसता गुळगुळीत गोळा होतो. चव तीच, पण त्याला रवाळ म्हणत नाहीत.

पृथ्वीच्या पोटात असंच चालतं. वितळलेला खडकाचा रस वर यायला निघतो आणि काही किलोमीटर खोलवर मधेच अडकून पडतो. भोवती खडकांची गोधडी. तो निवायला हजारो, लाखो वर्षं लागतात. तेवढ्या वेळात स्फटिकांना वाढायला सवड मिळते आणि ते इतके मोठे होतात की नुसत्या डोळ्यांनी दिसावेत. पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखी गारगोटी आणि मधे मधे चमकणारं अभ्रक. हा ग्रॅनाइट. पुढे कोट्यवधी वर्षांनी वरचे खडक झिजून गेले की तो उघड्यावर येतो.

आमचा सह्याद्रीचा दगड जन्मला तो अगदी उलट रीतीनं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर उतू गेला. एकदा नव्हे, थरावर थर. उघड्यावर आल्यामुळे तो भराभर निवला, स्फटिकांना अंग धरायला वेळच मिळाला नाही. म्हणून त्याचा रवा इतका बारीक की भिंगाशिवाय दिसत नाही. आज उरलेला त्याचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात भरतो. हे थर झिजून डोंगरांना पायऱ्या पडल्या, म्हणून त्याला 'ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना. अजिंक्यतारा चढताना ज्यांचे गुडघे बोलतात त्यांना हे नाव सार्थ वाटेल.

"मग तोच लाव्हा खाली सावकाश निवला असता तर ग्रॅनाइट झाला असता?" मेहुण्यांनी विचारलं. मेहुणे वकील आहेत. फट दिसली की पाचर मारतात.

नाही. कारण नुसतं निवणं महत्त्वाचं नाही, वाणही महत्त्वाचं. ग्रॅनाइटच्या रसात सिलिका शेकडा सत्तरच्या आसपास. बेसॉल्टमध्ये ती पन्नासच्या आसपास, आणि लोह-मॅग्नेशियम जास्त. म्हणून तो काळा आणि वजनाला भारी. वनस्पती तूप कितीही सावकाश निववलं तरी त्याचं साजूक होत नाही, तसंच हे. बेसॉल्टचा रस खोलवर सावकाश निवला तर त्याचा होतो गॅब्रो. मधल्या वेगानं निवला तर डोलेराइट. आणि बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक असतो.

मेहुणे विचारात पडले. "म्हणजे हा काळा दगड तुमच्या अजिंक्यताऱ्याचा भाऊ?"

"चुलत भाऊ."

"मग सातारच्या माणसानं सांगलीत येऊन तो पैसे मोजून घ्यायचा?"

दुकानदार हवालदिल झाला. "साहेब," तो म्हणाला, "जो संगमरवर नाही, कडक आहे आणि पॉलिश धरतो, त्याला आमच्या धंद्यात ग्रॅनाइट म्हणतात. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही. याच्यावर लिंबू पिळा, काय होतं बघा."

त्याला वाटलं, हे बोलण्यापुरतं आहे. पण आमच्या बायकोनं पर्समधून अर्धं लिंबू काढलं. ती घरून तयारीनंच आली होती. तिनं लिंबू पिळलं, पाच मिनिटं शांतपणे वाट बघितली, पदरानं पुसलं. डाग नाही. मग ती संगमरवराच्या शिळेकडे वळली, तेव्हा मात्र दुकानदारानं हात जोडले. संगमरवर म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेली चुनखडीच. रूप पालटलं तरी स्वभाव जात नाही. लिंबू दिसलं की फसफसतोच. या हिशेबानं आमच्या बायकोनं अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित या तिन्ही जातींचे खडक अर्ध्या लिंबात निकालात काढले. शाळेत आम्हाला त्याला एक सहामाही लागली होती.

हे भांडण फार जुनं आहे. अठराव्या शतकात फ्रायबर्गचे वेर्नर नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे शिष्य म्हणत, ग्रॅनाइट काय नि बेसॉल्ट काय, सगळे आदिसमुद्राच्या पाण्यातून साका बसून झालेत. खुद्द कविवर्य ग्योथेही या पाणीवाल्यांच्या बाजूचे. उलट स्कॉटलंडचे जेम्स हटन म्हणत, यामागे आग आहे. १७८५ साली ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत हटनसाहेबांना तांबड्या ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या, आधीच्या खडकात घुसलेल्या सापडल्या. म्हणजे ग्रॅनाइट एके काळी रस होता, त्याशिवाय तो असा फटीत शिरेल कसा? त्यांना इतका आनंद झाला की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं, साहेबाला सोन्याचांदीची खाण लागली. पुढे त्यांचे मित्र जेम्स हॉल यांनी बेसॉल्ट सरळ भट्टीत घालून वितळवला. भराभर गार केला तर काच झाली, सावकाश गार केला तर पुन्हा रवाळ दगड. आमच्या घरात कोकणस्थ पद्धतीची आमटी की सांगलीची यावर चाळीस वर्षं वाद आहे, पण तो अजून कुणी भट्टीपर्यंत नेलेला नाही.

"मग खरा ग्रॅनाइट आपल्या महाराष्ट्रात नाहीच म्हणायचा?" मेहुण्यांचा पुढचा प्रश्न.

आहे की. नांदेडकडे देगलूर-बिलोलीच्या बाजूला आहे, गडचिरोलीकडे आहे, सिंधुदुर्गात आहे. जिथं जिथं लाव्ह्याची चादर पोचली नाही किंवा फाटली, तिथं तो डोकं वर काढतो. कर्नाटकात उतरलं की मग त्याचंच राज्य. इलकलचं लुगडं आमच्या बायकांना ठाऊक आहे, पण इलकलचा तांबडा ग्रॅनाइट त्याहून जास्त टिकतो. दक्षिणेकडे तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ हजार वर्षांपूर्वी ग्रॅनाइटमध्ये उभं केलं. आपण आठव्या शतकात वेरूळचं कैलास लेणं बेसॉल्टमध्ये वरून खाली कोरून काढलं. ज्याला जो दगड मिळाला, त्यानं त्याचं सोनं केलं.

सातारा आणि सांगलीत मात्र जमिनीवर ग्रॅनाइट कुठं दिसत नाही. पाचगणीचं टेबललँड लाल आहे, पण तो जांभा, म्हणजे बेसॉल्टच ऊनपावसात कुजून झालेला. ग्रॅनाइट आपल्याकडे वर नाही. तो आहे खाली. आणि तो आहे हे त्यानं आम्हाला एकदा चांगलंच कळवलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. साताऱ्यात आमच्या घरात सगळ्यात आधी जागं झालं ते फडताळ. पितळी डबे, पेले, वाट्या सगळे एकदम खाली आले. मग खालून कुणीतरी मालगाडी नेत असल्यासारखा आवाज. आईनं आम्हा तिघांना गोधडीसकट अंगणात ओढलं आणि उजाडेपर्यंत आम्ही तुळशीवृंदावनापाशी कुडकुडत बसलो. आमचं भांड्यांवर निभावलं. कोयनानगरला माणसांवर बेतलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्या पहाटे गेली. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे कुणी रात्री पेला पाडला, तरी सगळं घर उठून बसायचं.

कोयनेच्या धरणात पाणी साठायला लागलं १९६० नंतर, आणि धक्केही तेव्हापासून. पाण्याचं वजन आणि भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेल्या जुन्या भेगा सरकतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. आणि त्या भेगा मुख्यतः आमच्या काळ्या दगडात नाहीत, त्याच्याही खालच्या खडकात आहेत. तो बघायला म्हणून सरकारनं कऱ्हाडला खास प्रयोगशाळा काढली. आधी नऊ भोकं पाडली आणि मग २०१६-१७ मध्ये गोठणे गावाशी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटरपर्यंत नुसता बेसॉल्ट. आणि मग, मधे गाळाचा एकही थर न लागता, एकदम ग्रॅनाइट आणि त्याचा पट्टेदार नातेवाईक नाइस. वय सुमारे दोनशे सत्तर कोटी वर्षं. आमचा सह्याद्री त्याच्यापुढे कालचं पोर.

मी हे दुकानात सांगितलं तेव्हा दुकानदारही गप्प झाला. त्यानं खाली पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "सव्वा किलोमीटर? काढायला परवडणार नाही, साहेब."

काळी शिळा आली. मेस्त्री आले. आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहिला, तो पाट्याचा.

आमच्याकडे आईचा पाटा-वरवंटा आहे. दगड अर्थातच काळा पत्थर. त्या भूकंपाच्या पहाटे अख्ख्या स्वयंपाकघरात जागचा हलला नाही तो हा एकटा. आई पुढे कुणाची स्तुती करायची झाली की "अगदी पाट्यासारखा आहे" म्हणायची. ज्यांना माहीत नसे ते लोक रागवत. वर्षातून एकदा दारावरून 'पाट्याला टाकीऽऽ' अशी हाक यायची आणि वडारीण बसून टक टक करत त्याला पुन्हा खरखरीत करून जायची. साठ वर्षांच्या चटणीनं त्याला मधोमध खळगा पडला आहे. एवढा दगड गेला कुठं? आमच्याच पोटात. मी हिशेब केला, तेव्हा लक्षात आलं की आईनं आम्हाला लहानपणापासून रोज चिमूट चिमूट सातारा खायला घातला होता. आई जाऊन आता बारा वर्षं झाली. खळगा तेवढाच आहे. घरात मिक्सर आहे.

मेस्त्री म्हणाले, नव्या ओट्यात याला जागा नाही. मेहुणे म्हणाले, बागेत ठेवा, कुंडी ठेवायला झकास आहे. फोनवर मुलगा म्हणाला, बाबा, आता कोण वाटणार आहे त्याच्यावर? तिघांचंही बरोबर होतं, म्हणून मला काही बोलता येईना. मी पाट्यावरून उगाच हात फिरवत उभा राहिलो.

तेवढ्यात बायको आत आली. तिनं ओट्याचं टोक दाखवलं आणि मेस्त्रींना सांगितलं, "इथं शिळा दोन फूट कमी करा. खाली विटांचा कट्टा बांधा, गुडघ्याएवढा. त्याच्यावर पाटा बसवा. मी स्टुलावर बसून वाटीन."

मेस्त्री कळवळून म्हणाले, "वहिनी, एवढ्या भारी ग्रॅनाइटच्या शेजारी हा दगड शोभंल का?"

"न शोभायला काय झालं?" ती म्हणाली. "दोघं चुलत भाऊ आहेत. आमच्या ह्यांना विचारा."

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या वाचनाचा कुणी साक्षीला उपयोग करण्याची ही पहिलीच वेळ. मी मेस्त्रींना सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, तर ते म्हणाले, "राहू द्या साहेब, बसवतो."

आता ओट्याच्या एका टोकाला आरशासारखा भाऊ आहे आणि दुसऱ्या टोकाला खळगा पडलेला. रविवारी तीळकुटाची किंवा ओल्या नारळाची चटणी पाट्यावर होते. मिक्सरमधल्या चटणीपेक्षा ती निराळी लागते हे मेहुणेही मान्य करतात, आणि वकील माणूस फुकट काही मान्य करत नाही.

मागच्या थंडीत एका रात्री कपबशा किणकिणल्या. दोन-तीन सेकंद, जास्त नाही. कोयनेकडचे असे बारीक धक्के अधूनमधून येतात. मी उठून बसलो. सव्वा किलोमीटर खाली दोनशे सत्तर कोटी वर्षांच्या म्हाताऱ्यानं कूस बदलली होती. मी बायकोला हलवून म्हणालो, "अगं, ग्रॅनाइट हलला!"

"वरचा की खालचा?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"खालचा."

"पाटा?"

मी उठलो, दिवा लावून बघून आलो. "जागच्या जागी आहे."

"मग झोपा," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपीही गेली.